कडा चढून गेलेला माणूस : नरवीर तानाजी मालुसरे



दरवर्षी ४ फेब्रुवारीला आपल्या बेळगावच्या कॅम्पात एक वेगळीच लगबग असते. मराठा लाइट इन्फंट्री ही पलटण हा दिवस 'मराठा दिन' म्हणून पाळते. आपल्या पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांतून आजोबा, काका, मामा या पलटणीत नोकरी करून आलेले आहेत, त्यामुळे हा दिवस आपल्याला ठाऊक असतो. पण तो नेमका ४ फेब्रुवारीलाच का, असे आम्ही मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात विचारले तेव्हा दोनच हात वर आले. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा सर केला, म्हणून. हे उत्तर ज्यांना आले त्यांचे कौतुक, आणि ज्यांना आले नाही त्यांच्यासाठी हा लेख.

दुसरे कारण आमच्या घरचेच आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही मुलांना घेऊन पारगडला गेलो होतो. उचगाव फाट्यावरून वेंगुर्ला रस्त्याला लागायचे, शिनोळी, पाटणे फाटा मागे टाकायचे, मोटणवाडीवरून आत वळायचे आणि काजूच्या बागा व जंगल यांतून गडाच्या पायथ्याशी उतरायचे. गडावर जायला चांगल्या बांधलेल्या पायऱ्या आहेत. पण नववीतल्या एका धाडसी मुलाला पायऱ्यांचा कंटाळा आला. कोणाचे लक्ष नाही असे पाहून तो बाजूच्या घसाऱ्यावरून सरळ वर निघाला. पहिले वीस-पंचवीस फूट तो माकडासारखा चढला आणि मग अडकला. वर कातळ, खाली निसरडा मुरूम, हातात वाळलेले गवत. त्याला वरही जाता येईना आणि खालीही उतरता येईना.

आम्ही शिक्षक मंडळी पायऱ्यांवरून हाका मारत होतो, पण हाकांनी काय होणार? शेवटी गडावरचे एक वयस्कर गृहस्थ वरून येत होते, त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, शांतपणे आडवे चालत त्याच्या खाली जाऊन उभे राहिले आणि त्याचा एक एक पाय हातात धरून योग्य दगडावर ठेवत त्याला खाली आणले. गुडघा खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. त्या गृहस्थांनी मुलाला रागावले नाही. एवढेच समजावले, की चढण्याआधी उतरायचे कुठून ते बघावे, आणि हाताला येईल त्या गवतावर जिवाचा भार टाकू नये.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. मुलाच्या घरी आम्ही काय तोंड दाखवले असते, हा विचार तर होताच. पण आणखीही एक विचार होता. त्या मुलाने असे का केले, हे विचारल्यावर तो म्हणाला की तानाजी असाच चढला होता. म्हणजे चूक त्याची थोडी आणि आमची जास्त. आम्हीच त्याला तानाजींची गोष्ट अर्धी सांगितली होती. ती पूर्ण सांगावी म्हणून हा प्रपंच.

डोंगरातले माणूस

तानाजींचे वडील काळोजी. जावळीच्या परिसरातले गोडवली हे मालुसऱ्यांचे मूळ गाव मानतात. पण तानाजींचे नाव कायमचे जोडले गेले ते उमरठ या गावाशी. आजच्या रायगड जिल्ह्यात, पोलादपूर तालुक्यात हे गाव आहे. महाबळेश्वर-प्रतापगडाच्या बाजूने सह्याद्री जिथे कोकणात एकदम उतरतो, त्या उताराच्या पायथ्याचा हा मुलूख. वर घाटमाथा, खाली कोकण आणि मधे उभे कडे. इथल्या माणसाला सपाट रस्ता म्हणजे काय हे क्वचितच कळते. बाजाराला जायचे तर डोंगर, लग्नाला जायचे तर डोंगर, गुरे चारायची तरी डोंगर.

मावळे हे सैनिक कसे तयार झाले याचे उत्तर इथे आहे. कोणत्याही तालमीत किंवा मैदानावर न जाता त्यांच्या पोटऱ्या तयार झाल्या. नाचणीची भाकरी, खांद्यावर घोंगडी आणि कमरेला कोयता घेऊन दिवसभर चढउतार करणाऱ्या या माणसांना कोणता कातळ धरावा आणि कोणता सुटतो हे नुसत्या हाताच्या स्पर्शाने कळत असे. आज डोंगरवाटांवर धावणारे खेळाडू जे शिकण्यासाठी वर्षानुवर्षे सराव करतात, ते या मुलांना दहाव्या-बाराव्या वर्षी येत होते. शिवाजी महाराजांनी हे ओळखले. मोठ्या फौजा आणि मोठ्या तोफा ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याशी सपाटीवर लढून भागणार नाही, डोंगर हाच आपला मित्र, हे त्यांच्या राज्याचे सूत्र होते. त्या सूत्राला हातपाय दिले ते तानाजींसारख्यांनी. पुढे तानाजी मावळ्यांच्या पायदळात हजारी झाले, म्हणजे हजार माणसांचे नायक.

संगमेश्वरची रात्र

तानाजी म्हटले की आपण थेट कोंढाण्यावर जातो. पण त्याआधीचा एक प्रसंग मुलांनी लक्षात ठेवावा असा आहे. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात तो येतो.

१६६१ साली शिवाजी महाराज कोकणात उतरले होते. महाराज राजापूरकडे गेले आणि संगमेश्वरला तानाजी मालुसरे व पिलाजी नीळकंठ यांना थोड्या फौजेनिशी ठेवून गेले. शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे यांनी ही संधी साधून रात्री मोठी फौज घेऊन छापा घातला. अंधार, अचानक आलेला हल्ला आणि आपली माणसे कमी. पिलाजींचा धीर सुटला आणि ते पळू लागले. तानाजींनी त्यांना गाठले, मागे ओढून आणले आणि दोराने एका दगडाला बांधून ठेवले. मग स्वतः पुढे होऊन लढाई चालू ठेवली आणि शत्रूला परतवले.

वाचताना हसू येते. पण विचार केला तर या माणसाचा स्वभाव इथे दिसतो. भ्यालेल्या सहकाऱ्याचा त्यांनी अपमान करून त्याला टाकून दिले नाही की त्याच्यावर शस्त्र चालवले नाही. त्याला फक्त जागेवर थांबवले. नायकच पळाला की सैन्य पळते, हे ते जाणून होते. नऊ वर्षांनी कोंढाण्यावर नायक पडल्यावर सैन्य पळू लागले, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. पण तेव्हा सैन्य थांबवायला तानाजी नव्हते. तो भाग पुढे येईलच.

तेवीस किल्ले

१६६५ साली औरंगजेबाचा सरदार मिर्झाराजा जयसिंग प्रचंड फौज घेऊन दक्षिणेत आला. पुरंदरला वेढा पडला, मुरारबाजी देशपांडे पडले, मुलूख जळू लागला. रयतेचे हाल थांबवण्यासाठी शिवाजी महाराजांनी जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह केला. त्या तहात तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांना द्यावा लागला. महाराजांकडे बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख उरला. दिलेल्या किल्ल्यांत कोंढाणा होता.

पुढच्या वर्षी आग्र्याची भेट, कैद आणि सुटका झाली. सुटून आल्यावर महाराजांनी घाई केली नाही. तीन वर्षे मुलुखाची घडी बसवली, शेती सावरली, फौज उभी केली. १६७० च्या आरंभी मोगलांशी पुन्हा बिघडले आणि गेलेले किल्ले परत घेण्याचे ठरले.

पहिला मान कोंढाण्याला का? याचे उत्तर नकाशात आहे. पुण्याच्या नैर्ऋत्येला, समुद्रसपाटीपासून सुमारे १३१२ मीटर उंचीवर हा गड आहे. त्याच्या माथ्यावरून एकीकडे पुण्याचे सारे खोरे दिसते, तर दुसरीकडे पुरंदर, राजगड, तोरणा हे किल्ले. राजगड ही तेव्हाची राजधानी, आणि तिथून कोंढाण्याचे हवाई अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. म्हणजे महाराजांच्या आणि जिजाऊंच्या डोळ्यांसमोर रोज शत्रूचे निशाण फडकत होते. आपल्या घराच्या ओट्यावरून दिसणारे आपलेच शेत दुसऱ्याने कसावे, तसे ते होते.

गड अवघडही तितकाच. पुणे दरवाजा आणि कल्याण दरवाजा ही जाण्याची मुख्य वाट, आणि तिथे पहारे. बाकी बहुतेक बाजूंनी ताशीव कडे. किल्लेदार उदयभान राठोड हा शूर राजपूत, त्याच्या हाताखाली पुरेशी शिबंदी. वेढा घालून बसायचे तर महिने जाणार आणि पुण्याकडून मोगलांची कुमक येणार. म्हणून गड एका रात्रीत घ्यायचा, एवढाच मार्ग उरला.

रायबाचे लग्न

ही कामगिरी तानाजींनी कशी घेतली याची हकिगत पोवाड्यांनी घरोघर पोचवली आहे. तुळशीदास शाहिराचा पोवाडा त्यांत सर्वांत प्रसिद्ध. त्यांच्या घरी मुलगा रायबा याच्या लग्नाची तयारी चालू होती. शेलारमामांना बरोबर घेऊन ते आमंत्रण द्यायला महाराजांकडे गेले. तिथे कोंढाण्याची मसलत कानावर आली आणि लग्न बाजूला ठेवून त्यांनी मोहीम अंगावर घेतली.

पोवाडा हा पोवाडा असतो, त्यात शाहिराची भर असतेच. पण मित्रहो, क्षणभर रायबाच्या बाजूने विचार करा. मांडव घातलेला, पाहुणे येऊ घातलेले आणि वडील निघून गेलेले. शूर माणसांच्या गोष्टी ऐकताना आपण त्यांच्या घरात मागे राहिलेल्यांना विसरतो. पलटणीतल्या जवानाची रजा अचानक रद्द होते तेव्हा घरात काय होते, हे आपल्या गावातल्या पुष्कळ मुलांना सांगायला नको.

कडा

माघ वद्य नवमीची रात्र. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, त्यामुळे रात्रीचा पहिला सारा भाग अंधाराचा. दिवस थंडीचे, कातळ कोरडा. पावसाळ्यात हाच कडा शेवाळाने निसरडा झालेला असता. तिथी आणि ऋतू दोन्ही चढणाऱ्याच्या बाजूचे होते.

कृष्णाजी अनंत सभासद यांनी १६९७ साली जिंजी येथे शिवाजी महाराजांची बखर लिहिली. म्हणजे घटनेनंतर अवघ्या सत्तावीस वर्षांनी. त्यांनी दिलेली हकिगत अशी. तानाजी पाचशे माणसे घेऊन गडाखाली गेले. त्यांतून दोन तरबेज मावळे निवडले. त्या दोघांना रात्री कड्यावर चढवले आणि ते वानरांसारखे चढून गेले. त्यांनी वरून दोराची माळ सोडली. त्या माळेवरून तीनशे माणसे वर पोचली.

या चार वाक्यांत गिर्यारोहणाचा सारा धडा आहे. सगळ्यांनी एकदम कड्याला लोंबकळायचे नाही. जो सर्वांत चांगला चढतो त्याने आधी जायचे, वर पक्की जागा शोधून दोर बांधायचा, आणि मग बाकीच्यांनी त्या दोराच्या आधाराने यायचे. आजचे प्रस्तरारोहकही नेमके हेच करतात. फरक इतकाच, की आज पुढे चढणाऱ्याच्या कमरेला सुरक्षेचा दोर असतो, डोक्यावर शिरस्त्राण आणि दिवा असतो. त्या दोघांकडे हातापायांची बोटे होती. तीन अवयव पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही, हा चढाईचा पहिला नियम. तो त्यांना कोणी पुस्तकातून शिकवला नव्हता, पण तो पाळल्याशिवाय सह्याद्रीचा कडा अंधारात कोणालाही चढता येत नाही.

सह्याद्रीचा दगडही समजून घेतला पाहिजे. हा ज्वालामुखीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला काळा कातळ. एक थर टणक, तर त्यावरचा दुसरा ठिसूळ. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचा आकार दिसतो. सरळ कडा, मग गवताळ पट्टा, पुन्हा कडा. वरून भक्कम दिसणारा दगड हातात सुटून येऊ शकतो, आणि त्याचा आवाज झाला की पहारेकरी जागा. तीनशे माणसांनी ढाली-तलवारी पाठीला बांधून, एकामागून एक, न बोलता वर जायचे. याला किती वेळ लागला असेल आणि खाली वाट पाहणाऱ्यांचा जीव कसा टांगणीला लागला असेल, याची कल्पनाच करावी. ज्या कड्यावरून ही चढाई झाली तो डोणगिरीचा कडा आज तानाजी कडा म्हणून दाखवतात.

घोरपडीची गोष्ट

इथे हमखास हात वर होतो आणि घोरपडीचे काय, असा प्रश्न येतो. यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून तिला कड्यावर चढवले, ही गोष्ट पोवाड्यातली आहे. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही, दोन मावळे आहेत. घोरपडीची पकड चिवट असते हे खरे. पण घाबरलेला प्राणी आपण सांगू तिथे जाऊन, एका माणसाचे वजन पेलत, हलता न राहता थांबेल हे संभवत नाही.

काही पालकांना वाटेल की मुलांची आवडती गोष्ट कशाला मोडता? आम्हाला मात्र वाटते की घोरपड काढून घेतली तर गोष्ट लहान होत नाही, मोठी होते. घोरपडीने गड घेतला असता तर श्रेय तिचे. पण इथे दोन माणसे, ज्यांची नावेसुद्धा बखरीने दिली नाहीत, काळोखात केवळ बोटांच्या जोरावर कडा चढली. त्यांचा हात सुटला असता तर ना दोर, ना तीनशे मावळे, ना सिंहगड. (आणि घोरपड हा कायद्याने संरक्षित प्राणी आहे, रानात दिसली तर तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.)

गडावर

वर पोचल्यावर फार वेळ लपून राहता आले नाही. चाहूल लागली, गड जागा झाला, मशाली पेटल्या आणि हातघाई सुरू झाली. तानाजी आणि उदयभान समोरासमोर आले. दोघेही तोलामोलाचे. लढता लढता तानाजींची ढाल तुटली. दुसरी ढाल मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर वार झेलत लढत राहिले. अखेर दोघेही एकमेकांच्या वारांनी पडले.

नायक पडला आणि मावळ्यांचा धीर सुटला. हाच तो क्षण. संगमेश्वरला जे काम तानाजींनी केले होते ते इथे त्यांचे भाऊ सूर्याजी यांनी केले. त्यांनी माणसांना सावरले आणि लढाई पुढे नेली. परंपरा सांगते की सूर्याजींनी कड्यावरचे दोर कापून टाकले, म्हणजे पळायला वाटच उरली नाही. परतीचे दोर कापणे हा मराठीतला वाक्प्रचार आपण रोज वापरतो, त्यामागे ही रात्र आहे. पहाटेपूर्वी गड हाती आला. पुष्कळ राजपूत लढताना पडले, तर कित्येक कड्यावरून उतरून जाण्याच्या प्रयत्नात मेले. तेही आपल्या धन्याच्या मिठाला जागणारे शिपाई होते, हे विसरू नये.

गड घेतल्याची खूण म्हणून मावळ्यांनी पागेची गवताची घरे पेटवून दिली. तो उजेड राजगडावर दिसला आणि महाराजांना कळले की कोंढाणा आला. काय गेले ते मात्र उजेडाने सांगितले नाही. ते दुसऱ्या दिवशी जासुदाने सांगितले.

किल्ल्याचे सिंहगड हे नाव तानाजींच्या मरणानंतर पडले अशी समजूत आहे. पण १६६३ सालच्या महाराजांच्या एका पत्रातही सिंहगड असे नाव येते. नाव आधीचे असले तरी अर्थ त्या रात्रीनंतर भरला गेला, असे आम्हाला वाटते.

कोंढाण्यानंतर महिनाभरातच, मार्च १६७० मध्ये पुरंदरही परत आला, आणि तहात गेलेले किल्ले एकामागून एक स्वराज्यात येऊ लागले. गडाच्या कड्याने पुढेही एकदा साथ दिली. संभाजी महाराजांच्या नंतर गड मोगलांकडे गेला होता, तेव्हा १६९३ साली नावजी बलकवडे यांनी पुन्हा रात्री कडा चढूनच तो घेतला. तानाजींची वाट त्यांनी गिरवली.

मढे घाट

तानाजींचा देह त्यांच्या गावी, उमरठला नेण्यात आला. राजगड-तोरण्याच्या मुलुखातून केळद गावाजवळ सह्याद्री ओलांडून खाली कोकणात उतरणारी एक जुनी वाट आहे. ती मढे घाट. तानाजींचा देह या वाटेने नेला म्हणून तिला हे नाव पडले असे लोक सांगतात. आज तिथे पावसाळ्यात धबधबा पाहायला गर्दी होते. फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांना नावामागची गोष्ट ठाऊक असते कोण जाणे. जन्मभर ज्या डोंगरात चढउतार केली, त्याच डोंगरातून हा शेवटचा उतार. उमरठला त्यांची समाधी आहे, आणि सिंहगडावर ते जिथे पडले तिथे त्यांचे स्मारक आहे.

राहिलेले लग्न शिवाजी महाराजांनी स्वतः पुढाकार घेऊन लावून दिले, असे परंपरा सांगते. सूर्याजींना तानाजींची सुभेदारी दिली. शूर माणूस गेल्यावर त्याच्या घराकडे पाठ फिरवायची नाही, हा त्या राज्याचा रिवाज होता.

आपल्या शेजारचा पारगड

आता गोष्ट आपल्या अंगणात येते. गोव्यात पोर्तुगीज होते. त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी स्वराज्याच्या दक्षिण टोकाला, आजच्या चंदगड तालुक्यात, महाराजांनी १६७६ च्या सुमारास पारगड बांधवला आणि त्यावर किल्लेदार म्हणून रायबा मालुसरे यांना नेमले. ज्याचे लग्न राहून गेले होते तोच हा मुलगा. आकाशात चंद्रसूर्य असेतोवर गड जागता ठेवावा, अशी आज्ञा महाराजांनी केल्याचे गडावरचे लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. आणि त्यांनी ती पाळली. राज्ये बदलली, छत्रपती, पेशवे, इंग्रज येऊन गेले, किल्ल्यांचे महत्त्व संपले. पण मालुसऱ्यांचे आणि इतर शिलेदारांचे वंशज गड सोडून गेले नाहीत. गडावर भवानीचे मंदिर आहे, तोफा आहेत, तळी आहेत, आणि चुली पेटणारी घरे आहेत.

दसऱ्याला गडावर गेलात तर कामाधंद्यासाठी बाहेर गेलेली माणसे भवानीसाठी परतलेली दिसतील. एरवी गडावर राहणे सोपे नाही. बाजार लांब, दवाखाना लांब, पावसाळ्यात धुके आणि वारा. तरी राहतात. तानाजींनी एक रात्र कडा चढून गड घेतला, आणि त्यांच्या वंशजांनी साडेतीनशे वर्षे न सोडता गड राखला. यातले कठीण कोणते, याचे उत्तर आम्हाला अजून देता आलेले नाही. आमच्या मुलाला कड्यावरून अलगद खाली आणणारे ते गृहस्थ याच गडाचे. त्यांच्या बोटांना कोणता दगड धरावा हे कळत होते, ते उगीच नव्हे.

आज त्या वाटांवर

आज सिंहगडावर मोटारीने जाता येते. तरीही रोज पहाटे शेकडो पुणेकर आतकरवाडीच्या पायवाटेने गड चढतात, वर देवटाक्याचे पाणी पितात, पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खातात आणि उतरून कामाला जातात. अलीकडच्या वर्षांत सिंहगड, राजगड, तोरणा या मार्गावर डोंगरवाटांनी धावण्याची स्पर्धाही भरते. देशभरातून धावपटू येतात, पहाटेच्या अंधारात कपाळावर दिवे लावून निघतात आणि ज्या सोंडांवरून मावळे गेले त्याच सोंडांवरून दिवसभर धावत-चढत राहतात. जिथे धावता येत नाही तिथे हातापायांनी चढतात. तानाजींना हे पाहून आश्चर्य वाटले असते, की ही माणसे हौसेने का धावतात! पण बरेही वाटले असते.

आपल्या मुलांनीही अशा वाटांवर जावे असे आम्हाला मनापासून वाटते. जवळ येळ्ळूरचा राजहंसगड आहे, महिपाळगड आहे, कलानंदीगड आहे. पण जाताना काही गोष्टी पाळाव्यात. एकट्याने जाऊ नये. वाट माहीत असलेला माणूस बरोबर असावा. पाणी भरपूर घ्यावे. उन्हाळ्यात आणि भर पावसात कड्याच्या वाटेला जाऊ नये. उतरताना लहान पावले टाकावीत, कारण बहुतेक माणसे चढताना नव्हे, उतरताना घसरतात. आणि सुटणाऱ्या दगडावर, वाळल्या गवतावर कधीही विसंबू नये.

तो नववीतला मुलगा आता दहावीत आहे. सहलीनंतर आठवडाभर तो मान खाली घालून फिरत होता. मग एक दिवस त्याने येऊन विचारले, की त्या दोन मावळ्यांची नावे कुठे सापडतील का? आम्ही सांगितले की बखरीत ती नाहीत. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला की मग त्यांनी कड्यावर चढण्याआधी दिवसा तो कडा नक्कीच पाहिला असणार.

आम्हाला वाटते, त्याला तानाजी समजले. धाडस म्हणजे डोळे मिटून उडी घेणे नव्हे. तिथी पाहायची, दगड ओळखायचा, योग्य माणसे पुढे पाठवायची, दोर पक्का बांधायचा, आणि एवढे सगळे केल्यावर मग जिवाची पर्वा करायची नाही. अर्धी गोष्ट ऐकली तर शेवटचेच तेवढे लक्षात राहते. पूर्ण ऐकली तर आधीचे चारही राहते.

येत्या दसऱ्याला आम्ही पुन्हा पारगडला जाण्याचा विचार करत आहोत. यंदा सर्वजण पायऱ्यांनीच चढू. ज्यांना यायचे आहे त्यांनी पालकांची चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे द्यावी. बूट असतील तर बूट घालावेत, नसतील तर पक्क्या पट्ट्यांच्या चपला चालतील. आणि गडावरच्या त्या आजोबांसाठी आपल्या शेतातली थोडी रताळी आणायला विसरू नये.